मुलें खेळत असतां बाई काय करतात ?

बालवाडींतून घरीं परतलेल्या नातवास आजोबांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "आज काय लिहिलेंस ?" नातू सांगतो, "खेळलों." आजोबा सुनेकडे पाहतात, सून सासूबाईंकडे पाहते, आणि इतके पैसे भरून मूल खेळावयासच पाठवावयाचें तर घरचें अंगण काय वाईट होतें, हा विषय रात्रीं जेवणाच्या पंगतींत निघतो. या प्रश्नास हंसण्यावारीं नेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. खेळ हेंच बालकाचें शिक्षण, हें वाक्य अलीकडे सर्वांच्या तोंडीं झालें आहे. परंतु तें खरें असेल तर मग बाई कशाला हव्यात? मुलें बाईंवांचूनहि खेळतातच. तेव्हां मुलें खेळत असतां बाजूला बसलेली बाई नेमकें काय करीत असते, हें सांगतां आल्यावांचून आजोबांचें समाधान होणार नाहीं, आणि होऊंहि नये.

हा विषय आम्ही मुद्दाम वाशिम जिल्ह्याच्या अनुषंगानें मांडीत आहों. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजी अमदानींत हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अकोल्यास जोडला गेला व १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां निराळा झाला. वाशिम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे याचे सहा तालुके. २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील मागें राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तींत महाराष्ट्रांतील चार जिल्हे आले व त्यांत वाशिम होता. पुण्या-मुंबईच्या नर्सरींत रंगीत खेळण्यांची इतकी गर्दी असते कीं बाईंचें कसब कोठें संपतें आणि दुकानदाराचें कोठें सुरू होतें तें कळत नाहीं. वाशिमकडील खेड्यांतील अंगणवाडींत ती अडचण नाहीं. तेथें एक खोली, एक सेविका, एक मदतनीस, खिचडीचें पातेलें आणि तीन ते सहा वर्षांचीं मुलें. जें कांहीं घडावयाचें तें बाईंच्या बुद्धीनेंच घडावयाचें.

अंगणवाडी ही सरकारनें शोधून काढली अशी पुष्कळांची समजूत आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ ठिकाणीं सुरू झाली हें खरें. परंतु तिच्या आधीं तीस वर्षें अंगणवाडी मराठी मुलुखांत जन्मास आली होती, आणि तिच्या जननीचा वऱ्हाडाशीं संबंध होता. कै. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालीं मुंबईस झाला. विवाहानंतर त्या अमरावतीस आल्या, कारण त्यांचे पति तेथें वकिली करीत. तो संसार टिकला नाहीं. ताराबाई पुढें काठेवाडांत गेल्या आणि भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत त्यांनीं बालशिक्षणाचे धडे घेतले. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं दादरला शिशुविहार निघाला व तेथें सुशिक्षित मध्यम वर्गाचीं मुलें येऊं लागलीं. एवढ्यावर एखादीचें समाधान झालें असतें. ताराबाईंचें झालें नाहीं. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, शहर सोडून त्या ठाणें जिल्ह्यांतील (आतांच्या पालघर जिल्ह्यांतील) बोर्डी या गांवीं जाऊन राहिल्या. बालविधवा अनुताई वाघ याच सुमारास त्यांस येऊन मिळाल्या आणि पुढें सत्तेचाळीस वर्षें त्यांनीं तेंच एक काम केलें.

बोर्डीच्या बालवाडींत वारली वस्तीवरचीं मुलें येईनात. बोलावूनहि येईनात. शेवटीं बायांनीं उलट विचार केला : मूल शाळेस येत नाहीं, तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें. त्या पाड्यावर गेल्या, तेथल्याच एका अंगणांत बसल्या. मुलांस न्हाऊं घालणें, नखें काढणें, केंस विंचरणें येथून प्रारंभ झाला, मग गाणें आणि गोष्ट. अंगणांत भरते म्हणून अंगणवाडी. पुढें संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणांतच शाळा भरवूं लागले. तिचें नांव कुरणशाळा.

या बायांनीं केलेली दुसरी गोष्ट आम्हांस याहूनहि मोठी वाटते. मादाम माँतेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, आणि त्यांच्या पद्धतींतील साधनें जगभर गेलीं : चढत्या जाडीचे दट्टे, एकावर एक रचावयाचे गुलाबी ठोकळे, रंगांच्या पट्ट्या. साधनें उत्तम, पण महाग. ताराबाई व अनुताई यांनीं ओळखलें कीं गुण गुलाबी रंगांत नाहीं, चढत्या क्रमांत आहे. तेव्हां क्रमानें लहान-मोठे दगड चालतील, बिया चालतील, शिंपले, पिसें, पानें, काड्या चालतील. ही गोष्ट आज वाचून सोपी वाटते. परंतु परदेशीं पद्धत उचलतांना तिचें लांकूड टाकून तत्त्व तेवढें घेणें आपल्याकडे फार थोड्यांस साधलें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. वाशिमच्या अंगणवाडींत समजा दोन मुलांपुढें चिंचोके आहेत. मुलें ते ओततात, गोळा करतात, रांग मांडतात. बाई कांहींच शिकवीत नाहींत. पण थोड्या वेळानें त्या पांच चिंचोक्यांची एक जवळजवळ रांग व पांचांचीच दुसरी लांबलांब रांग मांडतात आणि विचारतात, "कोणत्या रांगेंत जास्त ?" चार वर्षांचें मूल लांब रांगेकडे बोट दाखवितें. स्वित्झर्लंडांतील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनीं हाच प्रयोग कित्येक मुलांवर करून दाखविलें कीं या वयांत डोळ्यांना दिसणारी लांबी संख्येवर मात करते. आतां खरी परीक्षा बाईंची. "चूक, दोन्हींत पांचच आहेत" असें म्हणणें अगदीं सोपें, आणि व्यर्थ. मूल तें मान्य करील, कारण बाई मोठ्या आहेत; त्यास पटणार मात्र नाहीं. जाणती बाई म्हणते, "बरें तर, या रांगेंतला एक आणि त्या रांगेंतला एक अशा जोड्या लावून पाहूं." जोड्या लागतात, कोणी उरत नाहीं, मूल गोंधळतें. तो गोंधळ हाच धडा होय. बाई तेथें थांबतात, उत्तर सांगत नाहींत. दुसऱ्या दिवशीं, किंवा महिन्यानें, तें मूल आपण होऊन जोड्या लावील.

याच मुलाच्या घरीं तें एक ते शंभर अंक न अडखळतां म्हणून दाखवीत असेल, आणि पाहुण्यांसमोर तो कार्यक्रम होतहि असेल. अंक म्हणणें आणि अंक कळणें यांत, विष्णुसहस्रनाम पाठ असणें आणि संस्कृत येणें यांत जितकें अंतर आहे तितकें अंतर आहे. पाठांतरास आम्ही कमी लेखीत नाहीं. आमच्या घरांतील वाणी पाठांतरानेंच शुद्ध राहिली. पण एकास दुसऱ्याची जागा घेऊं देऊं नये.

दुसरा प्रसंग भातुकलीचा, अथवा बाजाराचा. खेड्यांतील मुलांस आठवडी बाजार ठाऊक असतो, म्हणून तीं बाजार मांडतात. एक पोर नुसती हांका मारते, दुसरी नुसती घेऊन जाते, आणि पांच मिनिटांत खेळ विझूं लागतो. येथें पुष्कळ बाया एक तर लक्ष देत नाहींत, नाहीं तर स्वतः पुढें होऊन "आतां तूं दुकानदार हो, तूं गिऱ्हाईक हो" असें नाटक बसवूं लागतात, व तें बाईंचें होऊन मुलांचें राहत नाहीं. तिसरा मार्ग असा : बाई डब्यांचीं दोन झांकणें काठीला दोरीनें बांधून ओबडधोबड तराजू करतात, मुलांजवळ ठेवतात आणि गिऱ्हाईक होऊन विचारतात, "मला याच्या इतकीच तूर द्या बरें." लागलीच जड-हलकें, कमी-जास्त, घेणें-देणें, वाट पाहणें, किंमतीवरून भांडणें हें सारें सुरू होतें. बाई तूर घेऊन निघून जातात. केव्हां शिरावें याहून केव्हां निघावें हें अधिक कठीण आहे, आणि आमच्या मतें या धंद्यांतील सर्वांत मोठें कसब तेंच. मुलांच्या खेळांत अडकून बसलेलीं वडील माणसें आपल्या सर्वांच्या घरांत आहेत.

खेळांत भांडण होणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं वऱ्हाड-नागपुराकडे तान्हा पोळा असतो. मुलें लांकडी बैल ओढीत घरोघर जातात. अशा एका बैलासाठीं दोन पोरें झोंबलीं तर बैल जप्त करून दोघांस गप्प बसविणें हा लवकर सुटण्याचा मार्ग. बाई मात्र दोघांच्या उंचीस खालीं बसतात, दोघांचें म्हणणें ऐकतात, आणि एकास दुसऱ्याचें म्हणणें पुन्हां सांगावयास लावतात : "हा काय म्हणाला ?" निकाल बहुधा मुलेंच लावतात, आणि तो आपणांस विचित्र वाटला तरी त्यांस मान्य असतो. हात उगारणाऱ्यास मात्र तेथल्या तेथें अडविलेंच पाहिजे. मुक्त खेळ म्हणजे मोकाट खेळ नव्हे. गिजुभाई वा ताराबाई यांपैकीं कोणाचेंहि तसें म्हणणें नव्हतें.

भाषेचा प्रश्न या जिल्ह्यांत विशेष नाजूक आहे. गांवांतील मूल वऱ्हाडी बोलतें. मानोऱ्याकडे, जेथें बंजारा समाजाचें पोहरादेवी हें मोठें क्षेत्र आहे, तांड्यावरचें मूल गोरमाटी बोलत येतें. त्याची आई 'याडी' असते. पुस्तकांतील मराठी दोघांसहि परकी. एखादें मूल धांवत येऊन सांगतें, "बाई, माहा बैल पयाला !" आमच्यासारख्या शुद्धलेखनप्रिय लोकांची जीभ येथें शिवशिवते. 'माहा' नव्हे 'माझा', 'पयाला' नव्हे 'पळाला', असें दोनदां बजावलें कीं तें मूल तिसऱ्यांदां बोलणार नाहीं. शहाणी बाई म्हणते, "तुझा बैल पळाला ? कोठें बरें पळाला ? मग तूं काय केलेंस ?" मुलानें प्रमाण शब्द ऐकला, अपमान झाला नाहीं, आणि बैलाची गोष्ट पुढें चालू राहिली. तांड्यावरच्या मुलासाठीं बाईंनीं त्याच्या बोलींतील दहा-वीस शब्द शिकून घेतले तर आठ दिवसांचें रडें दोन दिवसांत थांबतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि लहान वयांत घरची भाषा हीच शिकण्याची भाषा मानली आहे.

खेळण्यांविषयीं एक गोष्ट सहज सुचली म्हणून सांगतों. पूर्वीं या भागांत ज्वारी उदंड असे, आणि ज्वारीच्या वाळलेल्या ताटांपासून मुलें गाड्या, बैल, भिंगऱ्या करीत. बोटांस तें उत्तम शिक्षण होतें आणि पैसा लागत नसे. आतां शेतांत सोयाबीन आलें. सोयाबीनच्या कुटाराची गाडी होत नाहीं. पीक बदललें म्हणजे मुलांचीं खेळणींहि बदलतात ही गोष्ट शेतकी खात्याच्या अहवालांत येत नाहीं, पण बाईंस तिची दखल घ्यावी लागते : माती, बांगड्यांच्या काचा नव्हे तर प्लास्टिकच्या बांगड्या, चिंध्या, आगपेट्या, बुचें, पळसाचीं पानें यांवर काम भागवावें लागतें.

आतां लिहिण्याविषयीं. आजोबांचा रोख तिकडेच आहे. चवथ्या वर्षीं मुलाच्या मनगटांतील आठ लहान हाडांपैकीं निम्मीं-अधिक अजून कूर्चेच्या स्थितींत असतात. तें मनगट माती मळूं शकतें, पाणी ओतूं शकतें, चिंधी पिळूं शकतें, धान्य निवडूं शकतें. हींच कामें हाताला पेन्सिलीसाठीं तयार करतात. माती न मळतां ज्यास पेन्सिल दिली, तें मूल ती मुठींत आवळून धरतें, दहा ओळींत थकतें आणि लिहिणें म्हणजे दुखणें असें मनाशीं बांधून ठेवतें. आपल्या परंपरेंतहि अक्षरारंभ पांचव्या वर्षीं सांगितला आहे. पांच वर्षें मुलाचे लाड करावेत असें सांगणारें सुभाषित तर घरोघर पाठ आहे. असें असतां तिसऱ्या वर्षीं नर्सरींत वही, चवथ्या वर्षीं परीक्षा आणि पांचव्या वर्षीं शिकवणी, हा क्रम आपल्यासारख्याच सुशिक्षित घरांनीं मागितला म्हणून सुरू झाला. खेड्यांतील आईबाप तो पाहतात आणि अंगणवाडींत "नुसतें खेळवितात" म्हणून मूल काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडींत बसवितात. एका घराची फॅशन दुसऱ्या घराचें कर्ज होतें, तें असें.

खेळून काय मिळतें याचा हिशेब मागणाऱ्यांसाठीं अमेरिकेंतील एक दाखला देतों. मिशिगन संस्थानांतील इप्सिलांटी या गांवीं १९६२ पासून गरीब निग्रो कुटुंबांतील १२३ बालकांचा अभ्यास झाला. कांहींस बालशाळा मिळाली, कांहींस नाहीं. कोणास कोणता गट हें बहुतांशीं चिठ्ठीनें ठरलें. त्या बालशाळेंत मुलांनीं आधीं आपण काय करणार तें ठरवावें, मग करावें, आणि नंतर काय केलें तें सांगावें, असा नेम होता, आणि बाई दर आठवड्यास घरीं जाऊन आईस भेटत. मुलें चाळीस वर्षांचीं होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बुद्धिमापनांत जो लाभ दिसला होता तो थोड्या वर्षांत ओसरला. परंतु बालशाळेंत गेलेल्यांपैकीं अधिक जणांनीं शाळा पुरी केली, अधिक जण कामास लागले व कमी जणांस अटक झाली. अभ्यास लहान आहे, देश निराळा आहे, हें मान्य. तरी ठरविणें, करणें आणि सांगणें या तीन गोष्टी वाशिमच्या अंगणवाडींतहि पैशावांचून होण्यासारख्या आहेत.

सरकारनेंहि अलीकडे या अंगास हात घातला आहे. महाराष्ट्रांत अंगणवाडीसाठीं 'आकार' हा अभ्यासक्रम आला; २०२२ सालीं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीं राष्ट्रीय आराखडा निघाला व त्यानें खेळास मध्यभागीं ठेविलें. कागद चांगले आहेत. परंतु हा खेळ खेळविणारी बाई दिवसभर काय करते तें पाहावें. तिनें मुलांचीं वजनें घ्यावयाचीं, गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवावयाच्या, आहार वांटावयाचा, लसीकरणाच्या दिवशीं मुलें जमवावयाचीं, निरनिराळीं सर्वेक्षणें करावयाचीं आणि सगळी माहिती मोबाइलमध्यें भरावयाची. या सर्वांबद्दल तिला मिळतें तें वेतन नव्हे, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे हें ठरावयास एप्रिल २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्यें राज्यांतील सेविका-मदतनिसांनीं संप पुकारला तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. मूल एक तास काय करतें आहे हें शांतपणें पाहत बसणें हें या कामाचें मर्म आहे, आणि तिच्याजवळ नेमका तोच एक तास नाहीं. येथें तिला दोष देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. नोंदवह्यांचें काम निराळ्या माणसाकडे सोंपविलें, तर नव्या अभ्यासक्रमापेक्षां अधिक उपयोग होईल असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं घरें वाशिम, कारंजा, रिसोड अशा गांवीं आहेत त्यांनीं जवळच्या अंगणवाडींत एकदां जाऊन यावें. मुलांस पाढे म्हणावयास लावूं नयेत. कोपऱ्यांत बसावें, मुलें आपण होऊन जवळ येतात. आजींनीं गोष्ट सांगावी, भुलाबाईचीं गाणीं म्हणावीं; तीं येणाऱ्या स्त्रिया आतां घरोघर उरलेल्या नाहींत. द्यावयाचें असेल तर बिस्किटें देऊं नयेत; जुन्या लुगड्यांचे धुतलेले पदर, झांकणांचे पत्र्याचे डबे (कडा बोथट करून), लांकडी पळ्या, जुनी फुटपट्टी, मोठीं बटणें, चिंचोके द्यावेत. मात्र एवढें सांभाळावें कीं तीन वर्षांखालचीं भावंडें तेथें ताईबरोबर येऊन बसलेलीं असतात. त्यांच्या हातास बटणें, चिंचोके, मणी लागतील असे ठेवूं नयेत, कारण तीं तोंडांत, नाकांत, कानांत घालतात. हे जिन्नस घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून वरच्या फळीवर ठेवावेत आणि तेथें तशी फळी नसेल तर ती आधीं करून द्यावी.